अजून चिडू नका

१२ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. इकडे आम्ही बरे आहोत. आईचे गुडघे आईसारखेच हट्टी. तू तिथल्या हॉटेलातली नोकरी सोडून कायमची परत येणार, हे ऐकल्यापासून ती गुणगुणत हिंडते आहे. 'वरची माझी खोली झाडून ठेव', असं लिहिलंस. खोली झाडलेली असते. रोज. त्याबद्दल पुढे लिहितो.

गल्लीची खबर विचारलीस. शिंप्याच्या दुकानात आता प्रवाशांच्या बॅगा ठेवतात. पिठाच्या गिरणीत कॉफी मिळते. औषधाचं दुकान उठलं. आईच्या गोळ्यांसाठी बसने जावं लागतं. जग जवळ आलं म्हणतात! कोणाच्या जवळ, ताई? लोकांच्या चादरी बदलायला जायचं, तर तुला परदेशी जायच्या परवानगीच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं केलं. ज्याला नुसतं फिरायचंय, तो थेट आपल्या जिन्यात उभा राहतो. माल हिंडतो, पैसा हिंडतो, हौस हिंडते. मेहनतीला मात्र दारात अडवून विचारतात, तू कशाला आलीस?

हेच मी दर शनिवारी चौकात, कारंज्याच्या पायऱ्यांवर उभा राहून बोलतो. पहिल्यांदा सगळी गल्ली लोटली होती. मग ऐकणारेच एकेक करून घरं सोडून गेले. आता समोर कानात यंत्रं घातलेले पाहुणे असतात आणि गाइडबाई माझं बोलणं त्यांच्या भाषेत सांगते. भली पोरगी आहे. म्हणते, "काका, ते 'आमची घरं म्हणजे देखावा नाही' परत एकदा म्हणा ना, मागच्यांचा फोटो हुकला." एकदा तर तिचा फोनच आला, "काका, अजून चिडू नका हं, बस अडकलीय."

हसू नकोस. मी थांबलो, ताई. बस येईपर्यंत चिडायचा थांबलो.

घरी आल्यावर लाज वाटली. पुढच्या शनिवारी गेलोच नाही. खिडकीतून पाहिलं, तर घोळका रिकाम्या पायऱ्यांकडे बघत उभा. बाईने माझा आवाज आधीच भरून ठेवला होता, तोच त्यांच्या कानातल्या यंत्रांत वाजत होता. मी शेवटच्या वाक्यावर आलो असणार, कारण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तर, तुझी खोली. ती वर्षभरापूर्वी एका कंपनीमार्फत पाहुण्यांना दिली. एकदा आई सवयीने जादा पांघरूण घेऊन आत शिरली. तक्रार गेली. आता दाराला आकड्यांचं कुलूप आहे. आपली आई आपल्याच घरात दारावर टकटक करते, आणि आतून कोण म्हणून विचारलं, की "कोणी नाही" म्हणत खाली येते.

आता कंपनीला अख्खं घर हवंय, वीस वर्षांसाठी. त्यांचा माणूस आला तेव्हा मी कडाडलो. तो खूश झाला! "वा काका, हेच तर हवंय!" तळमजल्यावरची मागची खोली मला राहायला देणार म्हणे. दारावर पाटी लावणार, 'इथला जुना रहिवासी'. आई म्हणाली, "तू बोलतोस छान रे. पण मला रात्रीबेरात्री दुखलं तर भाषण चोळू का गुडघ्याला? मला मावशीकडे सोड. तिथे दवाखाना तरी आहे."

तिने सही केली. मग मीही केली. एवढं लिहायला मला दोन पानं लागली.

घर तिघांच्या नावावर आहे, म्हणजे आता तुझीच सही राहिली. तो माणूस तुला फोन करील. गोड बोलेल. तू परत येणार हे त्याला माझ्याकडूनच कळलंय, त्यामुळे नोकरीही देऊ करील: याच घरात, तुझ्याच खोलीतल्या चादरी बदलायची.

तू नाही म्हण. कारणं सांगू नकोस, कारणं त्यांना आवडतात. आवाज चढवू नकोस, त्याला ते तिकीट लावतात. साधं नाही म्हण आणि फोन ठेव. माझं 'नाही' त्यांच्या कार्यक्रमात बसलंय. तुझं त्यांनी अजून ऐकलेलं नाही. आईला काय सांगायचं ते मी बघतो, तिच्या शिव्याही मीच खाईन.

सही करून बसलेला,
तुझा धाकटा भाऊ