लोणावळे घटना-चर्चा मंडळाचे सतरावे कलम आणि माझी मिळकत

लोणावळे, तालुका मावळ, जिल्हा पुणे येथे राहणारा मी, अनंत महादेव बिवलकर, वय सदुसष्ट, इतिहास व इंग्रजी या विषयांचा सेवानिवृत्त शिक्षक, माझ्या मागे माझ्या मिळकतीची व्यवस्था कशी व्हावी हे स्वसंतोषाने आणि स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, परंतु कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. यापूर्वी सन १९३४ मध्ये केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मिळकतीपेक्षा राग जास्त होता.

कलम १. माझे राहते घर, पुढील अंगण, मागील विहीर व दोन फणसांसह, वडिलोपार्जित नसून माझ्या पगारातून बांधलेले आहे. ते मी माझी पत्नी सौ. चंद्रिका हिला देतो. हयातीपुरते नव्हे, पूर्ण मालकी हक्काने. तिने ते विकावे, दान करावे, गहाण टाकावे किंवा कुलूप लावून काशीला जावे. पत्नीला हयातभर राहू देऊन पुढे घर पुतण्याकडे जाण्याची रीत आहे, असे मला तळेगावहून पत्राने कळवण्यात आले आहे. रीत मला ठाऊक आहे. पुतण्याचे अक्षर सुधारलेले पाहून आनंद झाला.

कलम २. पोस्टात असलेली शिल्लक पत्नी व कन्या अरुंधती यांनी निम्मी निम्मी घ्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अरुंधतीने करावी. ती माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेते आणि मग स्वतःला योग्य वाटेल ते करते. मेल्यानंतर मला याहून अधिक अपेक्षा ठेवता येणार नाही.

कलम ३. पृथ्वीचा गोल व नकाशे शाळेला द्यावेत. गोलावर जर्मनी कुठे संपते हे आता कोणालाच सांगता येत नाही, तरी मुलांना फिरवायला बरा आहे. सुतारकामाची हत्यारे शेजाऱ्यांना देऊ नयेत. त्यांनी माझा रंधा नेला तो धार गेल्यावर परत केला.

कलम ४. माझी पुस्तके, त्यांत निरनिराळ्या देशांच्या राज्यघटनांवरील कपाटभर ग्रंथ, मी लोणावळे घटना-चर्चा मंडळाला देतो. सन १९३३ पासून पंधरा वर्षे मी या मंडळाची पायरी चढलो नव्हतो हे गावाला ठाऊक आहे. म्हणून या देणगीचे कारण नमूद करणे आवश्यक आहे. ज्यांना फक्त मिळकतीत रस आहे त्यांनी कलम ९ कडे जावे.

सन १९२८ च्या सुमारास, हिंदी लोकांनी सर्वांना मान्य होईल अशी घटना लिहून दाखवावी, असे विलायतेतून ऐकवले जात होते. तेव्हा देशभर सगळेच घटना लिहीत होते, तर लोणावळ्याने का मागे राहावे, म्हणून मी आणि माझा बालमित्र शरच्चंद्र त्रिंबक खांबेटे, वकील, यांनी हे मंडळ काढले. बाजारामागे पत्र्याची एक खोली भाड्याने घेतली. दर शनिवारी एका देशाची घटना घ्यायची आणि तिच्यातले आपल्याला काय चालेल यावर वाद घालायचा. स्वित्झर्लंडला तीन शनिवार लागले. आयर्लंडच्या वेळी खुर्ची मोडली.

मंडळाला स्वतःची घटना हवी म्हणून ती मी लिहिली. सतराव्या कलमात असे घातले की आणीबाणीच्या प्रसंगी अध्यक्षाने स्थिती पूर्ववत होईपर्यंत सर्व अधिकार एकट्याने वापरावेत. हे मी १९१९ च्या जर्मन घटनेवरून घेतले. त्या काळी ती जगातील सर्वांत शहाणी घटना मानली जात असे. शरदने विरोध केला. तो म्हणाला, "अनंता, हे कलम तुझ्यासारखा अध्यक्ष धरून लिहिलं आहेस. कुणी दुसरा आला तर?" मतदान झाले. माझे कलम मंजूर झाले आणि त्याच सभेत शरद अध्यक्ष निवडला गेला.

कलम ५. सन १९३१ च्या आषाढात वाऱ्याने मंडळाचे पत्रे उडून नाल्यापलीकडे गेले. सभा बोलावण्याइतके कोरडे ठिकाणच उरले नव्हते. शरदने सतरावे कलम लागू केले, शिल्लक खर्चून नवे पत्रे घातले आणि पुस्तके वाचवली. यात त्याचे काहीही चुकले नाही, हे मी तेव्हाही म्हटले होते.

त्यानंतर पत्रे बसले, पण कलम उठले नाही. दिवाळीपर्यंत गळती नीट पाहू, असे ठरले. पुढच्या वर्षी सत्याग्रहात निम्मे सभासद तुरुंगात, तेव्हा त्यांच्या मागे निवडणूक घेणे बरे दिसले नसते. नंतर हिवतापाची साथ आली. प्रत्येक कारण खरे होते. आणि मंडळ उत्तम चालले होते. वर्तमानपत्रे वेळेवर येत, फरशी पुसलेली असे, शनिवारी भांडण होत नसे. सभासदांना हे इतके आवडले की शनिवारी यायची गरज त्यांना उरली नाही.

सन १९३३ मध्ये, जर्मनीत त्याच कलमाच्या आधाराने नागरिकांचे हक्क स्थगित झाल्याची बातमी मी मंडळातच वाचली. मी वर्तमानपत्र शरदपुढे ठेवले. तो म्हणाला, "तिथे आणि इथे काय संबंध? मी पत्रे बसवले." मी राजीनामा दिला. आम्ही एका बाकावर शिकलो, त्याने माझ्या लग्नात अक्षता वाटल्या. त्या दिवसापासून आम्ही बाजारात समोरासमोर आलो की दोघांपैकी एकाला भाजी बघायची असे.

कलम ६. मी माझ्या ओसरीवर दुसरे मंडळ सुरू केले. त्याला एकच सभासद मिळाला, कुरवंड्याचा नथू कोंडाजी कडू. हा खाऊनपिऊन सुखी शेतकरी शनिवारी तूप घालायला आमच्याकडे येई आणि ओसरीवर सावली असल्याने बसे. मी त्याला अमेरिकेची घटना समजावून सांगितली. त्याने सगळे ऐकले आणि विचारले, "पर गुरुजी, वकीलसायब तर झ्याक चालवत्यात. तुमचं दुखतंय कुटं?"

माझ्या मंडळातला एकमेव सभासद विरोधी पक्षात होता. त्याला उत्तर देण्यात माझी काही वर्षे गेली. मी इंग्लंडचा इतिहास सांगितला, फ्रान्सचा सांगितला. नथू म्हणे, "व्हय, पर फरशी पुसलेली असती का न्हाई?" चंद्रिका आतून चहा पाठवी आणि ऐकत असे. एकदा मात्र म्हणाली, "अहो, त्याला त्याचं तूप विकू द्या आधी."

सन १९४२ मध्ये एका अधिकाऱ्याने तोंडी समज दिल्यावर मंडळाला टाळे लागेल या भीतीने शरदने दारावर सूचना लावली की पुढील हुकूम होईपर्यंत घटना-चर्चा मंडळात घटनांची चर्चा करू नये. हे मी विनोद म्हणून लिहीत नाही. सूचना सहीशिक्क्याची होती आणि तिने मंडळ वाचलेही.

त्याच सुमारास कुरवंड्याच्या पाणवठ्याची वाट कोणीतरी कुंपण घालून बंद केली. मंडळाने सभा भरवून अर्ज करावा, अशी विनंती घेऊन नथू शरदकडे गेला. परत आला तो तूप न उतरवता बसून राहिला. म्हणाला, "सभा न्हाई म्हनत्यात. म्हनलं, इचार करून बगा. तर म्हनले, इचार झाला. चांगलंच चालवत्यात, गुरुजी. पर आता म्या जाऊन इचारू कुनाला?"

त्या शनिवारी आमच्या मंडळाचे प्रथमच एकमत झाले. वाट पुढे नथूने आणि गावकऱ्यांनी कुंपण काढून मोकळी केली. त्यास घटनेचा आधार नव्हता.

कलम ७. देश स्वतंत्र झाला. सन १९४८ च्या आरंभी नव्या घटनेचा मसुदा छापून निघाला आणि लोकांकडून सूचना मागवण्यात आल्या. ज्यासाठी आमचे मंडळ निघाले होते ते काम दारात येऊन उभे राहिले, आणि मंडळात त्याविषयी बोलायला बंदी होती. इंग्रज गेले होते, दारावरची सूचना तशीच होती.

अरुंधती तेव्हा सुट्टीत आली होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दिल्लीला पत्र लिहिणार आहात, आणि बाजारापर्यंत जाणार नाही?" मी छत्री घेऊन निघालो. उन्हाची.

शरद मंडळात एकटाच होता. केस पूर्ण पांढरे झालेले होते. बंदीची सूचना दारावरून गळून पडली होती आणि तो तिला मागून खळ लावीत होता.

मी म्हणालो, "पडली तर पडू द्यायची."

"अध्यक्षांची सूचना आहे."

"अध्यक्ष तूच आहेस."

"म्हणूनच," तो म्हणाला.

मी बसलो. मी त्याला सतरावे कलम मागे घ्यायला सांगितले. तो म्हणाला की ते त्याने पूर्वीच घेतले असते, पण मागे कसे घ्यायचे हे मी कलमात लिहिलेच नव्हते. स्थिती पूर्ववत झाली असे ठरवायचे कोणी? सभेने, तर सभेला गणसंख्या हवी. नवे सभासद घ्यायला पुन्हा सभाच हवी. राजीनामा द्यायचा तर तो स्वीकारायलाही सभा. अडतीस साली त्याने या साऱ्यासाठी सभा बोलावली होती. कोणी आले नाही. ज्यांचे नीट चालले होते ते घरी होते, आणि ज्याला तक्रार होती तो ओसरीवर.

"मी दार उघडं ठेवून बसलो होतो," तो म्हणाला. "तू येशील आणि मला काढशील म्हणून."

"मी सभासद नव्हतो."

"दार उघडं होतं, अनंता."

कलम ८. मी राजीनामा देऊन गेलो नसतो तर कलम इतकी वर्षे टिकले नसते, असे शरदचे म्हणणे आहे. ते त्याने त्या दिवशी मांडले व त्यानंतर बहुतेक दर आठवड्याला मांडले आहे. मी ते मान्य केलेले नाही. विरोधकाने आत बसावे की बाहेर पडावे, याचे उत्तर मी वाचलेल्या कोणत्याही घटनेत नाही. त्या दिवशी खळ भांड्यातच वाळली, एवढे मात्र खरे.

मार्ग शरदनेच काढला, आणि मार्ग वकिली होता. सतराव्या कलमाने सर्व अधिकार त्याच्याकडे होते, तर सभासद करून घेण्याचाही होता. त्याने अखेरचा हुकूम काढून बंदी उठवली आणि आपल्याला काढू इच्छिणाऱ्या सर्वांना सभासद करून घेतले. चंद्रिकाने आळीतल्या बायका आणल्या, नथूने कुरवंड्याहून माणसे आणली, अरुंधतीने कार्यवृत्त लिहिले. सतरावे कलम एकमताने रद्द झाले. रद्द करण्याच्या बाजूने शरदचा हात सर्वांत आधी वर गेला आणि सर्वांत उशिरा खाली आला.

नंतर अध्यक्षाची निवडणूक झाली. मी उभा होतो. चंद्रिकाचे नाव नथूने सुचवले. मला दोन मते पडली, एक माझे व एक शरदचे. नथूला मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "तुमी लय बोलता, गुरुजी. वैनी ऐकत्यात." चंद्रिका अध्यक्षाच्या खुर्चीत बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "पहिला विषय काय आहे?"

पहिला विषय मसुद्यातील आणीबाणीचा भाग. अशी घोषणा संसदेच्या मान्यतेविना सहा महिने चालू शकेल, असे त्यात होते. सहा महिन्यांत माणसाला सवय लागते, असे शरद म्हणाला, आणि या बाबतीत लोणावळ्यात त्याच्याइतका जाणकार कोणी नव्हता. मुदत कमी करावी असे पत्र मंडळाने दिल्लीला पाठवले. उत्तर आले नाही. गेल्या महिन्यात मंजूर झालेल्या घटनेत मुदत दोन महिने आहे. हे आमच्या पत्रामुळे झाले असे मंडळाने कोठेही म्हणू नये. नथू कुरवंड्यात म्हणतो, त्याला इलाज नाही.

कलम ९. सबब माझे सर्व ग्रंथ मंडळास. कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे, म्हणजे माझ्याच स्वयंपाकघरात राहील. पुस्तके समासात लिहायला सर्वांना मोकळी असावीत. आधीच्याने लिहिलेले खोडू मात्र नये, खाली उत्तर लिहावे.

कलम १०. माझी छत्री नथूला देण्याचा विचार होता. परंतु ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष न घातलेली बरी, असा शरदचा सल्ला पडला. नथूला दोन्हींतले एक निवडायला सांगितले. त्याने छत्री उघडून पाहिली आणि साक्ष घालतो म्हणाला. छत्री पुतण्याला द्यावी.

कलम ११. माझ्या मागे शोकसभा घ्यायचीच असेल तर ती शनिवारी घ्यावी आणि त्यात निदान एका वक्त्याने माझ्या विरुद्ध बोलावे. नाव सुचवण्याची गरज नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि त्यांच्या समक्ष सही करीत आहे.

(सही) अनंत महादेव बिवलकर
मुक्काम लोणावळे, बुधवार, दिनांक १४ डिसेंबर १९४९

साक्षीदार:

१. (सही) नथू कोंडाजी कडू, राहणार कुरवंडे. समद्यांच्या समोर सही क्येली.

२. (सही) शरच्चंद्र त्रिंबक खांबेटे, वकील, राहणार लोणावळे. मृत्युपत्रकर्त्याने माझ्यासमक्ष सही केली. त्यांची बुद्धी शाबूत आहे. कलम ८ मधील मजकूर मात्र मला मान्य नाही. त्यावरील आमची चर्चा अपुरी आहे, आणि ती पुरी होईपर्यंत हे मृत्युपत्र अमलात येऊ नये.