रणचंडोलाची साद

६ जानेवारी

आजपासून मी पाखरं दाखवणारा माणूस. माझ्या बायकोच्या, हुरबाईच्या भाषेत सांगायचं तर, म्हशी हाकायचा कंटाळा आला म्हणून आता पाखरं हाकायला निघालो. निघताना तिने डब्यात लोणी आणि गूळ भरून दिला. वर दम दिला की शहरातल्या बायकांना दुर्बिणीतून पाखरंच दाखवा, स्वतःकडे बघायला लावू नका. सातवा महिना लागलाय, पण जिभेला विश्रांती नाही.

कॅम्प झकास आहे. सहा भुंगे, म्हणजे मातीची गोल घरं, नव्याने लिंपलेली, भिंतीवर आरशांची नक्षी. एक स्वयंपाकाची झोपडी, एक उंच लोखंडी टाकी. फोनला रेंज फक्त त्या टाकीवर चढलं की मिळते. दक्षिणेला आमचं बन्नीचं गवत, उत्तरेला ढंढ. यंदा पाऊस चांगला झाल्याने तळं अजून गुडघाभर भरलेलं आहे. त्याच्या पलीकडे रण. आमची वांढ, म्हणजे वस्ती, इथून नऊ किलोमीटर.

स्वयंपाकाला आलाना नावाचा काका. बारा वर्षं इथे आहे. मला बघून विचारलं, "जुसबा, किती पाखरांची नावं येतात तुला?"

एकशे ऐंशी, म्हणालो.

"आणि शिजवता किती येतात?"

जेवताना हसून हसून ठसका लागला. बाजरीचा रोटला, लसणाची चटणी, ताक. मालक भुजला असतात, त्यांना सगळे बापू म्हणतात. त्यांनी पाखरांची यादी लिहायला ही वही दिली. पुढून पाखरं, मागून मी.

७ जानेवारी

पाहुणे आले. वेलजीच्या जीपमधून तिघं. अहमदाबादचे निरवभाई आणि केतकीबेन वखारिया, दोघंही दातांचे डॉक्टर. आणि केरळचे कुंजुमोन थारकन, वय एकाहत्तर, रेल्वेत सिग्नलचं काम करून निवृत्त झालेले. आमच्याकडे करकोच्याला कुंज म्हणतात, त्यामुळे नाव ऐकताच काकाने त्यांचं कुंजसाहेब करून टाकलं. त्यांनाही ते आवडलं. घरात त्यांना कुंजू म्हणायचे, असं नंतर मला एकट्याला सांगितलं.

संध्याकाळी ढंढेवर कुंज उतरले. दोन हजार तरी असतील. केतकीबेन कॅमेरा विसरून नुसत्या उभ्या राहिल्या. तिलोर दिसला, सापमार गरुड दिसला. मी एकही नाव चुकलो नाही. टाकीवर चढून हुरबाईला सांगितलं, तर म्हणाली, इथे एक म्हैस लंगडतेय, तिला तुमचा गरुड दाखवू का?

९ जानेवारी

आज रणाच्या कडेला गेलो होतो. जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

थारकनसाहेबांना एकच पाखरू हवं आहे. मोठा रणचंडोल. एकोणीस वर्षांपूर्वी ते बायकोबरोबर इथेच आले होते. ती पुढे बसून आवाज टिपत होती, हे मागे तिपाईचा स्क्रू पिळत बसले. पाखरू उडालं, गायलं, उतरलं. तिने पाहिलं, यांनी नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली. एली तिचं नाव. तिने टिपलेला तो आवाज त्यांच्याकडे आहे, आणि मुठीएवढा स्पीकर.

पाखराचा आवाज लावला की आपल्या हद्दीत कोण शिरलं ते बघायला त्या जातीचं पाखरू पुढे येतं. फसवणूकच आहे ती. पण सगळेच करतात. मीही शिकलोय.

सकाळचे दहा वाजले असतील. समोर पांढरं मीठ, वर पांढरं आभाळ, मध्ये रेघ कुठे ते कळत नव्हतं. त्यांनी आवाज लावला. लांब, उतरत जाणारी शीळ. शेवटी त्या बाईची कुजबूज, त्यांच्या मल्याळममध्ये. "तो बघ" असा अर्थ, त्यांनीच सांगितला.

तीनदा लावला. चंडोल काही आला नाही. त्यांनी स्पीकर बंद करून खिशात टाकला.

मग समोरून, रणातून, ती बाई म्हणाली, "तो बघ."

निरवभाई म्हणाले, प्रतिध्वनी. केतकीबेननी मान डोलावली. पण प्रतिध्वनीला डोंगर लागतो, भिंत लागते. तिथे चाळीस किलोमीटर उंबरठ्याएवढाही उंचवटा नाही.

१० जानेवारी

साहेबांनी पुन्हा तिथेच न्यायला लावलं. मी नको म्हणून पाहिलं, ढंढेवर नवीन बदकं उतरलीत असं खोटंही बोललो. ते ऐकेनात.

आज आवाज लावावाच लागला नाही. आम्ही उतरलो आणि समोरून तिने हाक मारली. "कुंजू."

हे त्या टेपमध्ये नाही. मी ती पाच वेळा ऐकली आहे.

साहेब रडत होते, आणि तोंडभर हसत होते. पुढे निघाले. मी कमरेला धरून मागे ओढलं, तर म्हातारा माझ्या हाताला चावायला आला. केतकीबेन जीपमध्ये जाऊन बसल्या त्या उतरल्याच नाहीत. निरवभाई सारखे म्हणत होते की कुणीतरी मस्करी करतंय. पण आवाज दाबून म्हणत होते.

दुपारी वखारिया मंडळी निघून गेली. वेलजी त्यांना भुजला सोडून उद्या परत येणार. साहेब जायला तयार नाहीत. बापूंना फोन केला. ते म्हणाले, पाहुणा आहे तोवर तू हलायचं नाहीस. पश्चिमेला ढग आहेत.

काकाला सगळं सांगितलं. तो भाकरी थापता थापता थांबला. त्याचे वडील रणात मीठ काढायला जात. तिथे कुणी कुणाला ओरडून बोलवायचं नाही, फडकं हलवायचं, अशी त्यांची रीत होती. का ते त्याने कधी विचारलं नाही. "आपण पाखराशी जे करतो ना जुसबा," तो म्हणाला, "तेच कुणीतरी आपल्याशी करतंय." तवा करपला.

११ जानेवारी

पहाटेपासून मावठं. बन्नीची माती भिजली की साबण होते. टाकीवर चढलो तेव्हा वेलजीचा फोन आला, जीप खावड्याच्या अलीकडे आडवी झाली, तो ठीक आहे, पण दोन दिवस तरी येता येणार नाही. पायी जायचं म्हटलं तर मला जमेल. काका गुडघ्यांनी अधू. साहेबांना तर विचारायलाच नको.

दुपारी पाऊस थांबला, धुकं उतरलं. भर दुपारी. तिचा आवाज आज ढंढेच्या अलीकडे होता. खूप बोलत होती, हळू, घरातल्यासारखं. साहेब दारात खुर्ची टाकून ऐकत होते. मधूनच उत्तर देत होते. मी विचारलं, काय म्हणते? म्हणाले, विचारतेय की रक्तदाबाची गोळी घेतली का.

मी म्हणालो, साहेब, ही त्या नव्हेत. ते म्हणाले, "मला माहीत आहे, जुसब. पण दोन वर्षांत हे मला कुणी विचारलंय?"

रात्री त्यांच्या भुंग्याला बाहेरून कडी घातली.

१२ जानेवारी

साहेब नाहीत. मागची खिडकी काढून गेले. एकाहत्तर वर्षांचा माणूस.

चिखलात बुटांचे ठसे स्पष्ट होते. ढंढेला वळसा, मग सरळ रणात. दीड-एक किलोमीटरवर बूट. नीट जोडीने ठेवलेले, आत मोजे. पुढे अनवाणी पावलं, चाळीस-पन्नास. मग नाहीत. आजूबाजूला दुसऱ्या कुणाची नाहीत. जिथे संपली तिथे मीठ सपाट आहे, भेग नाही, खड्डा नाही.

मी हाका मारल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, घसा फाटेस्तोवर. थारकनसाहेब, अहो थारकनसाहेब. काका लंगडत आला, माझ्या तोंडावर पंजा दाबला, म्हणाला, मूर्खा, किती वेळ ओरडतोयस, तुझा सगळा आवाज देऊन टाकलास त्याला. तेव्हा कुठे कळलं मी काय केलं ते.

बापूंनी पोलिसांना कळवलंय. ट्रॅक्टरही रुततोय म्हणाले. दोन दिवस धीर धर.

१३ जानेवारी

सकाळी धुक्यातून मी ओरडत होतो. थारकनसाहेब, अहो थारकनसाहेब. माझाच आवाज, बसलेला, मध्येच फाटणारा. मी काकासमोर चहा पीत बसलो होतो. 

दुपारी. घाईत लिहितोय, अक्षर लागणार नाही.

मी टाकीवर चढलो होतो, पोलिसांना फोन लावायला. खाली काका झोपडीतून बाहेर आला. ढंढेकडून माझा आवाज— काका, पाय अडकलाय, काका, लवकर ये. काका निघाला. मी वरून ओरडलो, काका, मी इथे आहे, वर बघ. त्याने वर पाहिलं. धुक्यात मी त्याला दिसत नव्हतो. तिकडून तो आवाजही ओरडला, काका, मी इथे आहे. दोन्ही सारखे. म्हातारा मध्ये उभा, इकडे मान, तिकडे मान. मी म्हणालो, काका, एकशे ऐंशी पाखरं, किती शिजवता येतात विचारलं होतंस. हेही तिकडूनच आलं असं काकाला वाटलं. धुक्यात दिशा कळत नाही. तिकडे गेला.

मी शिडीवरून उड्या टाकतच उतरलो. घळीत सापडला. मांडीचं हाड मोडलंय. पाठीवर घेऊन आणला. आवाज सोबत चालत होता, डाव्या हाताला, माझ्यासारखाच धापा टाकत.

फळ्या बांधल्यात. ताप चढलाय. याला सोडून जाता येत नाही.

१४ जानेवारी

ऊन नाही, सौर बॅटरी संपत आलीय. सकाळी टाकीवर चढलो. हुरबाईचा फोन आला. रागावली होती. काल संध्याकाळी घरामागे उभे राहून हाका मारत होतात, मी बाहेर आले तर कुणी नाही, मीही चार हाका मारल्या, ही काय थट्टा—

नऊ किलोमीटर. घरापर्यंत गेलंय.

मी सांगितलं, मी कॅम्पवर आहे, दाराला कडी घाल, माझा आवाज आला तरी बाहेर यायचं नाही. ती म्हणाली, "आणि हे फोनवर बोलताय ते तुम्हीच कशावरून?"

मुलगी झाली तर नाव साकर ठेवायचं. हे आम्हा दोघांनाच ठाऊक. तिच्या आईलाही नाही. मी साकर म्हणालो. तिला ऐकू येईना, खरखर होती. मी ओरडलो. साकर, साकर, आपली साकर. तिला पटलं. रडली. फोन बंद पडला.

खाली उतरताना कळलं. उघड्यावर ओरडलो मी. टाकीच्या वरून. सगळ्या बन्नीला ऐकू जाईल असं.

संध्याकाळ. ढंढेपलीकडे माझा आवाज. दक्षिणेकडे सरकतोय. आमच्या वांढीकडे. साकर, म्हणतोय. लाडाने म्हणतोय.

काका शुद्धीवर आहे. जा म्हणतो. मला पाणी उशाशी ठेव, कडी घाल आणि जा, तुझी बायको दोन जिवांची आहे. त्याच्याकडे बघून मी रडलो. उजाडलं की निघतो. आत्ता धुक्यात निघालो तर रणात शिरेन, आणि मग तिला कुणीच—

१५ जानेवारी

उजाडलंय. धुकं दाट. काकाजवळ पाणी, रोटले, काठी ठेवली. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. निघायला उठलो—

दारात हुरबाई.

म्हणजे तिचा आवाज. म्हणते, तुम्ही रात्रभर बोलावत होतात, साकरचं नाव घेऊन, म्हणून आले. चालत आले. पाय गारठलेत, पोटात दुखतंय, दार उघडा.

हे खरंही असू शकतं. मीच शिकवलं त्याला. त्या नावाने ती आलीच असती.

फटीतून बघितलं. पांढरं. काही दिसत नाही.

विचारलं, घरी म्हैस कोणती लंगडते? म्हणाली, आता म्हशींचं विचारता? रडतेय. हुरबाईही असंच म्हणाली असती. अगदी असंच.

काका खाटेवरून मान हलवतोय. नको म्हणतो.

कण्हतेय. खाली बसली असावी, दाराला काहीतरी घासलं. वजन आहे त्याला. आवाजाला वजन नसतं. असतं का?

आत्ता माझं नाव घेतलं. जुसब, म्हणाली. जुसब, मी मरतेय.

लग्नाला पाच वर्षं झाली. तिने एकदाही माझं नाव— कुठलीच बाई आमच्यात नवऱ्याचं नाव—

पण मरणारं माणूस रीत पाळतं का? बाळ येत असेल तर. सातव्यात. चिखलात, एकटीला—

काका ओरडतोय. गप रे काका, मला ऐकू दे—

पुन्हा. जुसब.

बाहेर दुसराही आवाज आहे. लहान. नुकतं जन्मलेलं रडतं तसा. हा त्याने कुठून— हा त्याने कधी ऐकला असेल—

कडी काढतो