म्हाताऱ्याचा उजवा डोळा

३ डिसेंबर
मुरबाडहून परत आलो. नणंदेच्या नातीचं लग्न. भाजीत मीठ जास्त, बाकी ठीक. पंगतीत आमचा म्हातारा सगळ्यांसमोर बोलला, "हिचा हात लटलटतो. काचबिंदूचं औषध डोळ्यात कमी, गालावर जास्त." बायका हसल्या. नणंद तर ताटावर वाकून हसली. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ ह्याच हाताने टाकतेय. डावा डोळा कळायच्या आधीच गेला. उजवा राहिला तो कोणामुळे? एसटीत एक शब्द बोलले नाय. घरी आल्यावर बाटली त्याच्या मांडीवर ठेवली.
"टाका आता तुमच्या हाताने."
"टाकतो की. चाळीस वर्षं ओळंबा धरलाय. माझी भिंत कधी तिरकी गेली नाय."
बरं. गवंडी तर गवंडी.

५ डिसेंबर
टाकतो. मान मागे, तोंड उघडं, जसा काय दात काढून घ्यायला बसलाय. एक थेंब भुवईवर. दुसरा मिशीत. मिशी पुसली, बाटली खिशात. मी ओट्याशी वाल सोलत होते. बघितलं. बोलले नाय.

१८ डिसेंबर
सूनबाई वाशिंदला कामावर जाताना रोज विचारते, "बाबा, औषध टाकलंत?" टाकलं म्हणतो. खोटं नाय ते. टाकतोच. जातं कुठे ते मला माहीत. तिला सांगावं असं आलं मनात. मग पंगतीत हसताना दिसलेले नणंदेचे दात आठवले.

९ जानेवारी
अबोला चालूच. चहा पुढे आदळते, तो उचलतो. ह्या आजाराचं हेच वाईट, दुखत नाय. ठणका लागला असता तर निमूट आला असता.

२ फेब्रुवारी
म्हातारा कळशीला अडखळला. भरलेली. सगळं पाणी घरात.
"इथे कोणी ठेवली?"
लग्न होऊन आले तेव्हापासून तिथेच ठेवते. पायाखालचं दिसत नाय म्हणजे... फडकं घेऊन पुसत बसले.  तरी तोंड उघडलं नाय. माझी जीभ नको तेव्हा चालते, हवी तेव्हा नाय.

२१ फेब्रुवारी
शहापूरला तपासणी पुढच्या आठवड्यात. सकाळी आला, बाटली पुढे धरली. "टाक. तिथे डोळ्याचं प्रेशर मोजतात." नजर भिंतीकडे. चुकलं बिकलं काय म्हणाला नाय. डोकं मांडीवर घेतलं, खालची पापणी ओढली, टाकलं. नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून दोन मिनिटं धरला, डॉक्टरीणबाईंनी शिकवलंय तसा. एवढा जवळ अडीच महिन्यांत आला नव्हता.  हात लटलटला, पण थेंब आत गेला.

१ मार्च
शहापूर. आठ दिवस नीट पडलं, प्रेशर छान निघालं. बाई खूश. मग त्याला अंधाऱ्या खोलीत नेलं. डबड्यात तोंड घालायचं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी बाहेर बाकावर. बटण वाजत होतं. मग बराच वेळ वाजलं नाय.
कागद बघून बाईंचा चेहरा उतरला. मागच्या वेळेपेक्षा खूप कमी दिसतंय. "प्रेशर चांगलं असून एवढं कसं गेलं? औषध रोज पडतंय ना?"
म्हातारा बोलला, "हिने एक दिवस चुकवला नाय, बाई."
मी खाली बघत बसले.
बाई म्हणाल्या, मग औषधाने भागत नाही, ऑपरेशन करू, ठाण्याला. एकच डोळा आहे, धोका आहे, कधी असलेली नजरही जाते. पण थांबून चालणार नाही. आणि गेलेलं परत येत नाही.

२ मार्च
"खोटं का बोललात?"
"काय सांगू? गवंड्याला स्वतःचा डोळा सापडला नाय?"
मी चुलीत लाकूड सारलं.
"आणि तू वाल सोलत बघत बसायचीस, ते पण सांगू?"
म्हणजे तेवढं दिसत होतं त्याला.

६ मार्च
सूनबाई ठाण्याची पिशवी भरतेय. टॉवेल, तांब्या, आधार कार्ड. मी म्हटलं, बाईंना खरं सांगते, औषधाने भागत असेल तर चिरायचं कशाला? म्हातारा भडकला. "सांगशील तर मी बोलेन म्हातारीचं डोकं फिरलं." सूनबाई एकदा त्याच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. शेवटी तिला सगळं सांगितलं. खाली बसली. "आई, माझ्यासमोर हो हो करत होता तुमी दोघं." 

८ मार्च
एकटीच गेले. आटगावच्या नाक्यावरून टमटम. दवाखान्यात गर्दी, नंबर दुपारी लागला. बाईंना सगळं सांगितलं, मिशीपासून. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
म्हणाल्या, "ऑपरेशन पुढे ढकलते. सहा आठवडे तुमच्या हातानेच टाका. मध्येच कधीतरी, आधी तारीख न देता बोलवेन, तेव्हा मोजू. मग ठरवू."
"तेवढ्यात आणखी गेलं तर?"
"जाऊ शकतं, आजी. ऑपरेशननेही जाऊ शकतं."
सही माझी नाय लागली कुठे. पण ठरवून मीच आले.

९ मार्च
त्याला सांगितलं.  मग, "डोळा माझा, आणि ठरवून आलीस तू."
"हो."
"गेला तर?"
भाकरी थापायला लागले.
नंतर बघते तर दारात बसलाय, उजव्या डोळ्यावर तळहात दाबून. दुसऱ्या हाताने चौकट चाचपतोय, मग पायरी, मग चप्पल.
"काय करताय?"
"सवय करतोय."
जाऊन हात ओढून खाली केला. त्याने पुन्हा नेला डोळ्यावर.