मिठावरचं घर

४ मार्च १८८९

विटलोला पोचलो एकदाचा! खालचं मीठ उपसून उपसून जमीन खचली आहे, गावात एक भिंत सरळ उभी असेल तर शपथ. दारूच्या गुत्त्याची खिडकी रस्त्याच्या पातळीला आली आहे. गिऱ्हाईक गुडघे वाकवून आत डोकावतं. मला हसू आवरेना. उद्यापासून मिठाच्या कारखान्यात पंपाचं इंजिन माझ्या ताब्यात. जमिनीखालचं खारं पाणी मी उपसायचं, बाकीच्यांनी कढयांत आटवून त्याचं मीठ करायचं. राहायला डटनबाईंकडे माडीवरची खोली मिळाली. बाई विधवा आणि भलत्याच बोलक्या. दारातच म्हणाल्या, "वेनेबल्स ना तू? डोकं सांभाळ पोरा, चौकट पुन्हा खचलीय." मटार आणि डुकराचं मांस पोटभर वाढलं. मीठ कमी पडलं तर जमिनीखालून खरवडून घे, म्हणाल्या.

१० मार्च, रविवार

रविवारी पंप बंद, हा इथला जुना रिवाज. प्रार्थनेहून आल्यावर बाईंनी पसरट बशीत चहा ओतून टेबलावर ठेवला. चहा ज्या बाजूला धावेल त्या बाजूला घर खचतंय. आज चुलीकडे धावला. कल फार वाढला की शेजारी जमतात आणि लाकडी घर खालून जॅक लावून वर उचलतात. मागच्या खेपेला बाई आतच विणत बसल्या होत्या म्हणे!

घराखाली मिठाची जुनी खाण आहे. बाईंचा नवरा एनॉक एका सकाळी साथीदारांसह तीत उतरला, पाणी घुसलं, कुणीच वर आलं नाही. रविवारचा विसावा त्यांच्यासाठी. "सहा दिवस उपसा हवं तेवढं. एक दिवस तरी निजू द्या त्यांना," बाई म्हणाल्या आणि तळघरातून बटाटे आणायला गेल्या.

१९ मार्च

मॅनेजर लीचने बोलावलं. पंपाची नळी आता त्या बुडालेल्या खाणीतच सोडली आहे, आयतं खारं पाणी. शिवाय रविवारीही पंप चालवायचा. छत तोलून धरायला खाणीत मिठाचेच खांब सोडले आहेत, खारं पाणी उपसलं की गोडं पाणी शिरून ते विरघळतील, असं मी म्हणालो. तो हसला. "खांबांची काळजी तुला कशाला? तुझ्या जागेवर यायला दारात माणसं उभी आहेत." मी होय म्हणालो.

बाईंना काही सांगितलं नाही. त्यांनी माझ्यासाठी सफरचंदाचा पाई केला होता. अन्न बाईंचं खातो आणि जागतो लीचच्या मिठाला. लाज वाटते.

२४ मार्च, रविवार

पंप चालवला. प्रार्थनेहून निघालेली माणसं धुराड्याकडे बघत उभी राहिली.

घरी चहा बशीबाहेर सांडला. मग स्वयंपाकघराच्या फरशीखालून ठोका आला. आणखी एक. बाईंच्या हातातली किटली तशीच राहिली. चेहरा उजळला होता! खाणीतलं छत धोक्यात आलं की एनॉक असाच ठोकायचा, म्हणाल्या. मग मला विचारलं, "आज पंप कुणी चालवला रे?"

मला माहीत नाही, म्हणालो. म्हणालो आणि डोळे खाली घातले.

२८ मार्च

ठोके रोज. इंजिनाच्याच तालावर, म्हणजे पंपाचे हादरे असणार. असणारच. बाई पळीने फरशीवर ठोकून उत्तर देतात. तो काहीतरी विचारतोय, म्हणतात.

३० मार्च

जॅकवाले आले, खाली बघून मागे फिरले. जॅक टेकवायला जमीनच उरली नाही. आजच घर सोडा, म्हणाले. बाई हलायला तयार नाहीत. "इतक्या वर्षांनी हाक मारतोय तो, आणि मी निघून जाऊ?"

हा एनॉक नाही, माझा पंप आहे, एवढं म्हटलं तर त्या निघतील. तोंड उघडलं. मीठ वाढा, म्हणालो. नीच आहे मी.

३१ मार्च, रविवार

पंप लावला नाही. लीचला तोंडावर सांगितलं, नोकरी गेली. बरं झालं. धावत घरी आलो. इंजिन थंड पडलंय—

ठोके चालूच.

बाईंना सगळं सांगितलं. रडलो. त्यांनी एप्रनने माझं तोंड पुसलं. "ठाऊक आहे रे मला. तेच तर विचारत होता तो, कोण उपसतंय म्हणून. मागच्या रविवारीच तुझं नाव सांगितलं मी त्याला."

बाहेरचं दार चौकटीत अडकलंय. खिडकीबाहेर नुसती माती, घर खाली गेलंय. करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून लिहितोय.

बाई टेबल मांडतायत. तीन ताटं.

बशीतला चहा माझ्याकडे धावला. खुर्ची बदलली—पुन्हा माझ्याकडेच—

ठोके आता फरशीखाली नाहीत. तळघराच्या जिन्यावर. ओले. एकेक पायरी—

बाई तळघराच्या दाराची कडी काढायला उठल्या. बाई, नको—हसतायत. म्हणतायत, ये एनॉक, पोरगा घरातच आहे, बघ, मी त्याला कुठेही जाऊ दिलं नाही—