धुळ्याची कडी

धुळे,
१२ एप्रिल १९९५

प्रिय गिरधर,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कारण एप्रिल आहे. विहिरींचं पाणी तळाला गेलं की पंप कोरडे फिरतात, बुश झिजतात, शाफ्ट वाकतात, आणि सोनगीरपासून पारोळ्यापर्यंतची माणसं आपल्या दारात येऊन उभी राहतात. मंदा आणि मुलं बरी असतील. शेजारची भागाबाई मावशी ठणठणीत आहे आणि अजूनही मला बघून म्हणते, "बाईमाणूस लेथवर? पदर अडकी जाई नं एक दिवस!" मी पदर खोचते आणि मशीन सुरू करते. अजून तरी अडकला नाही.

तू विचारलंस, अक्का, हा उद्योग तुला सांगितला होता कुणी? कुणीच नाही रे. नवऱ्याने मला आणून सोडलं तेव्हा तू जळगावला कॉलेजात होतास. घरात रोज कुणीतरी आईचं सांत्वन करायला यायचं आणि माझ्याकडे असं बघायचं, जणू मी मेलेच आहे. मी आबांच्या कारखान्यात जाऊन बसायला लागले, कारण तिथे मशीनच्या घरघरीत कुणाचं बोलणं ऐकू येत नसे. आबांनी काही विचारलं नाही. झाडलोट करू दिली, मग पितळेचे बुश घासायला दिले, मग एके दिवशी उठून बाजूला झाले आणि मला मशीनपुढे उभं केलं. आटे पाडताना मी किती पितळ वाया घालवलं, त्याला हिशेब नाही. आबा ओरडले नाहीत. पुढे एकदा मी काहीतरी विचारायला गेले, तर म्हणाले, "बठ्ठं येस तुले. आते माले इचारू नको."

तू ज्यांच्या दुकानात कामाला आहेस, त्या मुंबईच्या शेठच्या तोंडून तू माझ्या कामाचं सगळं ऐकलंस. आता माझ्या तोंडून ऐक. सुरुवात शेठपासून झालीच नाही, झाली ती मेजरसाहेबांपासून. महूला राहणारे निवृत्त गृहस्थ. हायवेवर त्यांच्या जीपचा बुश गेला म्हणून कुणीतरी त्यांना आपल्याकडे पाठवलं. मी बुश करत होते तेवढ्यात त्यांनी जीपमधून एक लांब कापडी पिशवी आणली आणि त्यातून मासे धरायची काठी काढली. बांबूचीच, पण बांबूच्या पट्ट्या चिरून, तासून, एकमेकींना चिकटवून केलेली, विलायती, त्यांच्या सासऱ्यांच्या वेळची. पहाडातल्या थंड नद्यांमध्ये पिसांची खोटी माशी टाकून मासा धरतात म्हणे तिने. मुठीच्या खाली शिसवाचा लहानसा दांडा, त्यावर दोरीचं रीळ बसतं. रिळाच्या पायाचं एक टोक तळाच्या टोपणात अडकतं आणि दुसरं टोक एक सरकती कडी दाबून धरते. ती कडीच चिरली होती. मेजरसाहेब सांगत होते, ऐन मासा लागला आणि रीळ निसटून पाण्यात पडलं, पोरासारखा रडलो मी!

जर्मन सिल्व्हरची कडी. नखाएवढी रुंद, कागदासारखी पातळ. सैल झाली तर रीळ पडणार, घट्ट झाली तर दांडा चिरणार. पंपाचे बोजड भाग करणाऱ्या माझ्या हाताला असं काम कधी लागलंच नव्हतं. पहिल्या दोन फुकट गेल्या. तिसरी सरकवली तेव्हा ती हलकेच जाऊन अशी बसली, की मेजरसाहेबांनी काठी उलटी धरून झटकली तरी रीळ जागचं हललं नाही. खरं सांगू, त्या दिवशी मला वाटलं, आपण कुणाची टाकलेली बायको वगैरे नाही. आपण टर्नर आहोत.

मग त्यांच्या ओळखीच्यांच्या काठ्या यायला लागल्या. कुणाचं टोपण, कुणाची कडी, कुणाचे आटे गेलेले. मी प्रत्येक नव्या भागावर धुळ्याचा म्हणून बारीक 'धु' उमटवायला लागले. मेजरसाहेब त्यांची दुसरी काठी घेऊन आले, तेव्हा त्यांना ते रुचलं नाही. जुन्या वस्तूवर हे नवं अक्षर कशाला, निदान आतल्या बाजूला मार, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, भाग नवा आहे, तर नवा दिसू दे. ते रागावून काठी तशीच घेऊन गेले. चांगला माणूस तुटला म्हणून मला वाईट वाटलं, पण 'धु' मी बाहेरच मारत राहिले. पावसाळ्यानंतर ते परत आले, तीच काठी पुढे केली आणि म्हणाले, मार बाई तुझं अक्षर, इतकी नीट कडी मला दुसरीकडे मिळाली नाही.

त्याच सुमाराला तुझे शेठ आले. तुझा निरोप घेऊन आले, म्हणून मी त्यांच्यासाठी शेव-भाजी केली. जेवून झाल्यावर त्यांनी पिशवीतून पोलादी ठसा काढला. एका विलायती कंपनीचं नाव त्यावर उलट्या अक्षरांत कोरलेलं. कड्या आणि टोपणं करायची, ॲसिडमध्ये बुडवून जुनी दिसतील अशी करायची, वर हा ठसा मारायचा. नव्या काठ्यांना ती लावून शेठ जुन्या म्हणून विकणार आणि दुकानात तुला भागीदार करणार. मी नाही म्हटलं. ते हसून म्हणाले, बाई, धुळ्याच्या नावाला कोण विचारतो? बाजेवर पडलेल्या आबांना म्हणाले, मुलीला समजवा जरा. आबा एवढंच बोलले, "कारखाना तिना शे." माझा आहे म्हणाले, तुझ्या शेठच्या तोंडावर.

तरी शेठ ठसा तिथेच ठेवून निघायला लागले, म्हणे विचार कर. मी विचार केला. त्यांच्यासमोरच तो ठसा ग्राइंडरवर धरला. ठिणग्या उडाल्या, अक्षरं गेली, गुळगुळीत झालेला तुकडा गार करून मी त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तुला सांगितलं, बहिणीच्या डोक्यावर परिणाम झालाय. गिऱ्हाइकांना सांगितलं, ती काठ्या खराब करते. वर्षभर एकही काठी आली नाही. त्या वर्षी मी पंपांवर घर चालवलं, आबांचं दुखणं काढलं, आणि शेवटी त्यांना खांदाही दिला, कारण तुझी गाडी उशिरा पोचली. त्याबद्दल तुला बोल लावत नाही. गाड्या उशिरा येतातच. पण ठशाचं विचारशील, तर आजही तेच करीन.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पत्रासोबत तू हक्कसोडीचे कागद पाठवलेस. लिहिलंस की आग्रा रोडवरच्या कारखान्याच्या जागेला शेठ चांगलं गिऱ्हाईक आणतात, बहिणी सही देतातच, आखाजीच्या सणाला येईन तेव्हा उरकून टाकू. गिरधर, मी सही करणार नाही. आई-आबांच्या मागे कायद्याने अर्धी जागा तुझी आहे, ती तू माग. मी हप्त्याने किंमत फेडीन, नाहीतर मधे भिंत घालू. माझी अर्धी आणि त्यातलं मशीन विकायचं नाही. आखाजीला जरूर ये, मुलांना आण. मांडे करीन, आमरस करीन, तुझ्याशी भांडणार नाही. ते कागद करणाऱ्या वकिलाला मात्र आजच कळव. अक्काची तब्येत बरी नाही, समजूत काढतो, असलं काही लिहू नकोस. अक्का नाही म्हणाली, एवढंच लिही.

नाही म्हटलं तरी तुझीच,
पुष्पाअक्का