मी मजेत असल्याबद्दल

अंथुर्णे, सोमवार

राजवर्धनराव मेहुणे, मुक्काम वडगाव निंबाळकर, यांना सुयोगदाजीचा रामराम. मातोश्रींचा गुडघा कसा हाय? गाईला कालवड झाली का खोंड? तुमच्या भगिनी रोहिणी माहेरी सुखरूप पोचल्या असतीलच. त्यांची चौकशी मी करत न्हाय, माझी खुशाली तुमीबी त्यांना सांगू नका. मी मजेत हाय. तुमी फोन उचलत न्हाय म्हणून कागद काळा करतोय.

झालं काय, ते एकदा माझ्या तोंडून ऐका (दुसरी बाजू तुमी चार दिवस ऐकतच असाल). आमच्या दारावरनं रोज सकाळी उसाचा ट्रॅक्टर कारखान्याला जातो. ड्रायव्हर नागेश. मानेवर केस, डोळ्याला गॉगल, आणि डेकवर कायम एकच जुनं गाणं. त्यात एकजण सोडून गेलेल्या पोरीला सांगतोय, जा बाई, तुझ्यावाचून माझं काय अडत न्हाय, मी मजेत हाय. हे लांबनं कानावर आलं की तुमची बहीण भाकरी तव्यावर टाकून रस्त्याला पळायची. मी घरी आलोय म्हणून ती दहा वर्षांत एकदा पळालेली न्हाय. परत यायची ती गुणगुणत. कुठल्या नवऱ्याचं डोकं ठिकाणावर राहील? मी आरशापुढं गॉगल लावून बघितला. मला शोभत न्हाय.

आठ दिवस हे बघितलं, नवव्या दिवशी मी म्हणालो, गाणं एवढं गोड लागतंय तर जा माहेरी, माझं काय अडत न्हाय. ती गेली. (एरवी माझं एक ऐकत न्हाय.)

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर अडवून नागेशशेजारी चढून बसलो. कारखान्यावर नंबर लागायला पाच तास, म्हणलं आज सोक्षमोक्षच लावू. गाण्याचा अर्थ विचारला तर गडी रडायलाच लागला. त्याची बायको दिवाळीपासनं माहेरी. ते घर ह्याच रस्त्याला, तिच्या कानावर जावं म्हणून डेक लावतो. म्हणाला, मालक, जो खरंच मजेत हाय तो गावभर सांगत फिरतो व्हय? मग रोहिणीचं विचारलं. तर वहिनी वाढं न्यायला येतात म्हणाला. उसाच्या शेंड्यांची एक पेंढी तो रोज आमच्या दारापुढं टाकायचा, व्यालेल्या म्हशीसाठी. राजवर्धनराव, ते वाढं मीच म्हशीपुढं टाकत होतो आणि दूध वाढलं म्हणून चौकात मिरवत होतो. आमचा ऊस अजून तुटला न्हाय, मग वाढं आलं कुठनं, हे काय डोक्यात शिरलं न्हाय. फार लाज वाटली.

तरी गुणगुणायची कशाला, हा मुद्दा राहतोच.

बाकी घरी सगळं ठीक. म्हैस कासेला हात लावू देत न्हाय. भाकरी मीच करतो (भाकरीच म्हणायचं). मी मजेत हाय. रोहिणीनं यायची घाई करू नये.

तुमचा दाजी,
सुयोग

ता. क. तिचा स्वेटर हितंच राहिलाय. पाठवणार न्हाय, येऊन न्यावा.

ता. क. माझं चुकलं, असं तिला सांगा. मी सांगितलं म्हणू नका.

ता. क. पत्र पेटीत टाकायला निघालो ते गाडीवर वडगावपर्यंत आलो. तुमच्या गोठ्यामागं उभा राहून हे लिहितोय. मातोश्री हिकडंच येतायत, त्यांच्याच हाती देतो. आत येऊ का, एवढं तिला विचारा. पण त्याच्या आधी, अंगणात तिच्यासंगं हसत उभा हाय तो निळ्या शर्टातला कोण, ते कळवा.