सरलाचा सराव पाठ

हिंगोली, गुरुवार, संध्याकाळ

साखऱ्याच्या तांड्यावरची सरला, माझी जुनी विद्यार्थिनी, आज येऊन गेली. भौतिकशास्त्राची शिक्षिका व्हायचंय. बी.एड.च्या प्रवेशासाठी लागणारी पदवी आहे, गुण आहेत. राहिली उद्याची पाठ-चाचणी. सराव घेताना मुद्दाम विचारलं, आधण उकळण्याआधी आवाज का करतं?

"माहीत न्हाई, मॅडम. भांडं ठेवून बघू की."

"परीक्षकांपुढं असं बोललीस तर घरी पाठवतील."

"मग काहीबी ठोकून देऊ व्हय?"

रागावलेच मी. ती गेली, तेव्हापासून एका जागी बसवत नाही. भांडं ठेवून बघू! वर्गात याहून चांगलं उत्तर कोणतं? पण परीक्षक माझ्यासारखेच निघाले तर? सकाळी फोन करून सांगू, उत्तर बदलू नकोस म्हणून? प्रवेश गेला तर तिचा जाईल, माझा नाही.

तरी सांगणार.